यंत्रराक्षस की कळसूत्री राक्षस?

फ्लाइशर स्टुडिओच्या जुन्या सुपरमॅन मालिकेतला 'द मेकॅनिकल मॉन्स्टर्स' हा भाग (नोव्हेंबर १९४१) घरच्या पोरांना मराठी उपशीर्षकं लावून दाखवायचाय. गाडी शीर्षकावरच अडलीय. 'यांत्रिक राक्षस' पुस्तकी वाटतं, आणि 'यंत्रमानव' म्हटलं की भीतीच जाते.

— सरळ 'यंत्रराक्षस' करा. सुटसुटीत आहे.

— सुटसुटीत आहे, पण राक्षस म्हटला की त्याला स्वतःची भूक असते, हट्ट असतो, वर मागण्याइतकी अक्कलही असते. इथे सगळी अक्कल हे यंत्र बनवणाऱ्या संशोधकाकडे. तो खटके ओढणार, तेव्हा हा चालणार, पंख काढून उडणार, प्रदर्शनातले हिरे उचलणार. बातमीदार लोइस लेन या यंत्राच्याच पोकळीत शिरून बसते, तरी याला पत्ता नाही! राक्षसाला निदान माणसाचा वास तरी आला असता. मी 'कळसूत्री राक्षस' म्हणेन.

— कळसूत्री म्हणजे दोरीवरची बाहुली ना? यांना दोऱ्या कुठायत?

— दोरी दिसायलाच हवी असं नाही. पडद्याआडून 'सूत्रं हलवणारे' आपण रोज म्हणतो, तिथे कुठे दोरी असते? आणि 'कळ' म्हणजे खटका, बटणसुद्धा. म्हणून तर कळफलक. त्या संशोधकापुढे तोच तर मांडलेला आहे.

— 'रोबॉट'च का नको? पोरांना कळतो.

— कळतो, पण फार सवयीचा झालाय. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून तो आला. मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे वेठ. त्या अर्थाने हे पुतळे अस्सल वेठबिगारच. पण १९४१ पर्यंत 'रोबॉट' इंग्रजीत रुळला होता, तरी करणाऱ्यांनी शीर्षकात 'मॉन्स्टर' घेतलं. त्यांना पोरं दचकायला हवी होती. (याच भागात क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, टेलिफोन बूथमध्ये कपडे बदलतो. त्याला कृपया 'दूरध्वनी कक्ष' करू नका.)

— शीर्षकात 'कळसूत्री राक्षस' घेतो. संवादांच्या उपशीर्षकांत मात्र पटकन वाचून होईल असं आखूड काहीतरी लागेल. 'कळीचा राक्षस' चालेल?

— नको. नारद आठवतो. संवादांत नुसतं 'राक्षस' ठेवा.