पीएस५ डिजिटल घेऊन पस्तावलो. आता डिस्क ड्राइव्ह लावता येतो का?

चौकटगोल:
सोनीच्या पीएस५ गेम कन्सोलचं डिजिटल एडिशन (डिस्क ड्राइव्ह नसलेलं) आहे, मॉडेल सीएफआय-१००८बी. २०२१ मध्ये डिस्कवाल्यापेक्षा दहा हजारांनी स्वस्त होतं (३९,९९० विरुद्ध ४९,९९०), म्हणून घेतलं. आता मित्रांच्या डिस्क चालत नाहीत, संपवलेला गेम विकता येत नाही आणि जागा तर कायम भरलेली. बाहेरून ड्राइव्ह लागेल का? की विकून टाकू?

खटका:
नाही लागणार. सुटा ड्राइव्ह बसतो तो २०२३ च्या पीएस५ स्लिमपासून पुढे. तुमच्या मॉडेलमध्ये त्यासाठी जोडणीच नाही. यूएसबीचा ब्लू-रे ड्राइव्हही पीएस५ घेत नाही, त्यात पैसे घालवू नका.

पण तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. डिस्कचं काही करता येणार नाही. जागेचं मात्र नक्की करता येतं. ८२५ जीबीतले वापरायला ६६७ जीबीच मिळतात. तुमच्याकडे पीएस४ चे गेम असतील तर ते आधी यूएसबी ३ हार्ड डिस्कवर हलवा, तिथूनच चालतात. पीएस५ चे गेम यूएसबीवर फक्त साठवता येतात, खेळायला परत आत आणावे लागतात. ते थेट खेळता येतील अशी जास्तीची जागा हवी असेल तर कन्सोलच्या आत बसणारी एम.२ एसएसडी (पट्टीसारखी साठवणीची चिप) हवी.

पेचकस:
एसएसडी घेताना जेन ४ (चौथ्या पिढीची) एनव्हीएमईच घ्या, वाचनाचा वेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त. जेन ३ किंवा साटा प्रकारची चालणार नाही. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) हवाच.

कन्सोल रेस्ट मोडवर नको, पूर्ण बंद करा. वायरी काढा, स्टँड सोडवा. ज्याच्याखाली पंखा दिसतो ते पांढरं पॅनेल उचलून सरकवा. आत एका स्क्रूचं लांबट झाकण आहे, ते काढा. आता खरी जपायची जागा: आतला स्क्रू आणि त्याखालची बारीक रिंग दोन्ही काढून ‘८०’ लिहिलेल्या जागी आणा, कारण बहुतेक एसएसडी २२८० मापाच्या (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) असतात. ही रिंग विसरली की स्क्रू आवळताना एसएसडी खाली वाकते. एसएसडी तिरकी घालून शेवटपर्यंत सरकवा, मग आडवी दाबून स्क्रू हलक्या हाताने आवळा. झाकण परत लावायला विसरू नका. चालू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायला सांगतो.

जुनाबाजार:
माझ्या मते मित्रांमध्ये डिस्कची देवाणघेवाण खरोखर होत असेल तर एसएसडीवर खर्च न करता विकलेलंच बरं. वर्षाला एखादाच गेम खेळणार असाल तर मात्र विकू नका, सेलमध्ये डिजिटल घ्या.

विकायचंच तर क्रम चुकवू नका. पीएस५ च्या गेमचे सेव्ह (गेममधली जपलेली प्रगती) यूएसबीवर कॉपी होत नाहीत. क्लाउडवर ठेवायला पीएस प्लस (सोनीची पैसे भरून घ्यायची सदस्यता) लागतं. ते नसेल तर नवं कन्सोल घरी येईपर्यंत जुनं देऊ नका. दोन्ही एकाच नेटवर्कवर ठेवून ‘डेटा ट्रान्सफर’ करा. मग जुन्यावर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ बंद करा आणि शेवटी रीसेट. विकत घेतलेले डिजिटल गेम अकाउंटवर असतात, ते नव्यावरही चालतील. पण डिस्कवरून इन्स्टॉल केलेला गेम दर वेळी डिस्क आत असल्याशिवाय सुरू होत नाही, हे डिस्कवालं घेण्याआधी लक्षात घ्या.

चौकटगोल:
मग विकत नाही, एसएसडीच लावतो. पाहिलेल्या एसएसडीची जाडी हीटसिंकसकट १३ मिमी आहे. चालेल?

पेचकस:
नाही. एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत हवी. त्यातही एसएसडीच्या बोर्डाच्या वर जास्तीत जास्त ८ आणि बोर्डाच्या खाली २.४५. त्याहून जाड घेतलीत तर झाकण बसणार नाही. तीच एसएसडी हीटसिंकशिवाय मिळत असेल तर ती घ्या आणि पातळ हीटसिंक वेगळा लावा. थर्मल पॅडवरचं (एसएसडी आणि हीटसिंकच्या मधल्या मऊ पट्टीवरचं) पारदर्शक प्लॅस्टिक आधी सोला, ते राहिलं तर उष्णता नीट बाहेर पडत नाही.