मदत हवी आहे: पी३८ अडवला तर जेएनके का वाढतो?

नमस्कार,

पेशींवर ताण आला की जागे होणारे कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणारी एन्झाइम), म्हणजे जेएनके आणि पी३८, यांवर माझा पीएचडीचा विषय आहे. एका ठिकाणी अडले आहे, जाणकारांनी कृपया मदत करावी.

हीला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) आधी १० मायक्रोमोलर एसबी२०३५८० देते. हा पी३८चा सगळीकडे वापरला जाणारा इनहिबिटर, म्हणजे त्याला अडवणारं रसायन. तासाभराने सॉर्बिटॉल घालते, म्हणजे बाहेरचं द्रावण दाट होऊन पेशी आक्रसतात आणि दोन्ही कायनेज पेटतात. मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या लेनमध्ये कोणतं प्रथिन किती आहे हे बँडवरून बघणं. इनहिबिटर दिलेल्या लेनमध्ये फॉस्फो-पी३८ (फॉस्फेट लागलेला, म्हणजे जागा झालेला पी३८) कमी दिसेल अशी अपेक्षा होती. तो मुळीच कमी होत नाही, उलट किंचित गडद येतो. फॉस्फो-जेएनके तर स्पष्टच वाढलेला. एकूण पी३८, एकूण जेएनके आणि अ‍ॅक्टिन (तुलनेसाठीचं प्रथिन) सगळ्या लेनमध्ये सारखे आहेत, डीएमएसओचा (इनहिबिटर ज्यात विरघळवतात तो द्रावक) कंट्रोलही लावला आहे.

आकृत्यांमध्ये या दोन समांतर रांगा असतात: वरच्या एमकेके३ आणि ६ या कायनेजकडून पी३८, एमकेके४ आणि ७ कडून जेएनके. एक रांग अडवल्यावर दुसरीला चेव का यावा? इनहिबिटर चालतच नाहीये, असं समजू का?

प्रतिसाद १

इनहिबिटर बहुतेक उत्तम चालतो आहे, तुम्ही चुकीच्या बँडकडे बघताय. एसबी२०३५८० बसतं पी३८च्या एटीपीच्या खाचेत (एटीपी म्हणजे जिथून फॉस्फेट येतो तो रेणू). त्यामुळे पी३८ला पुढे कुणाला फॉस्फेट लावता येत नाही. पण त्याच्या स्वतःच्या थ्रिओनीन १८० आणि टायरोसीन १८२ या अमिनो आम्लांवर फॉस्फेट लावतात एमकेके३ आणि ६, आणि त्यांना कुणी हात लावलेला नाही. म्हणून तो बँड राहणारच. पी३८ ज्यांना जागं करतो ती खालची प्रथिनं बघा: एमके२ या कायनेजचा थ्रिओनीन ३३४, किंवा त्याहून सोपं म्हणजे त्याच्याही खालच्या एचएसपी२७ या प्रथिनाचा सेरीन ८२, दोन्ही फॉस्फेट लागलेले. तो बँड पडला, तर इनहिबिटर काम करतोय.

आता जेएनके. त्या समांतर रांगा वरच्या टोकाला जोडलेल्या आहेत. टॅक१ नावाचा कायनेज दोन्हींना चालना देतो. त्याचा जोडीदार टॅब१ हे प्रथिन. पी३८ अल्फा (पी३८चा मुख्य प्रकार) जागा झाला की टॅब१ ला फॉस्फेट लावून टॅक१ ला आवरतो, म्हणजे स्वतःच्याच मालकाला लगाम घालतो. तुम्ही पी३८ अडवलात, लगाम सुटला, टॅक१ मोकाट, आणि जेएनके वर. तुमचा फॉस्फो-पी३८ किंचित गडद का आला, हेही यातून कळतं.

मात्र निष्कर्ष काढण्याआधी एक तपासणी कराच. एसबी२०३५८० हे सीके१ आणि आरआयपीके२ या इतर कायनेजनाही अडवतं, आणि एमएलके३ या आणखी एका कायनेजमार्गे ते जेएनके वाढवतं असंही आढळलं आहे. तेव्हा व्हीएक्स-७४५ सारखा वेगळ्या रचनेचा इनहिबिटर लावून बघा. त्याहून चांगलं म्हणजे एसआयआरएनए (एखाद्या जनुकाचं प्रथिन बनणं थांबवणारा छोटा आरएनए) वापरून पी३८ अल्फाच कमी करा. तरीही जेएनके वाढला तर शंका नको.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार सर. एचएसपी२७ची अँटिबॉडी शेजारच्या लॅबमध्ये आहे, हे आधी करते.

यातूनच दुसरा प्रश्न. टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) तयार व्हायला पी३८ लागतो, म्हणून संधिवाताभ (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) रोगात पी३८ अडवणारी औषधं माणसांवर तपासली गेली आणि फारशी चालली नाहीत, असं वाचलं. कारण हाच लगाम असेल का?

प्रतिसाद २

मोठं कारण तेच मानतात, आणि मलाही ते पटतं. पॅमापिमॉड आणि व्हीएक्स-७०२ या पी३८ अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत रक्तातला सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) सुरुवातीला झटकन उतरला आणि काही आठवड्यांत, औषध चालू असतानाच, पुन्हा वर आला. टॅक१ सुटला की जेएनके आणि एनएफ-कप्पा-बी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) दोन्ही जोरात येतात. शिवाय मॅक्रोफेजमध्ये (रोगप्रतिकारक भक्षक पेशींत) पी३८ हाच एमएसके१ आणि २ या कायनेजमार्गे आयएल-१० आणि डसप१ ही प्रथिनं तयार करवतो, म्हणजे दाह शमवणारी बाजूही त्याच्याच हातात असते. एकच कायनेज आग लावतो आणि विझवतो. पूर्ण अडवलात तर दोन्ही जातात.

म्हणून काहींनी खाली सरकून फक्त एमके२ कडे जाणारी वाट अडवायचा प्रयत्न केला, टॅब१चा लगाम शाबूत ठेवून. कल्पना सुरेख आहे, पण झुनसेमेटिनिब या अशाच औषधाला २०२३ मध्ये याच रोगात यश आलं नाही. तेव्हा लगाम हे एकमेव कारण नाही, असं धरून चाला.

तुमच्या प्रयोगाबद्दल एक सुचवतो. एकाच वेळेचा ब्लॉट करू नका. १५ मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, ४ तास असं बघा. जेएनके थोडा वेळ वाढून उतरला तर पेशी सहसा सावरते, तासन्‌तास वर राहिला तर ती मरणाकडे झुकते. त्याच नमुन्यांत तुटलेला कॅस्पेज-३ (पेशी मरू लागल्याची खूण) बघा, म्हणजे वाढलेल्या जेएनकेचं पेशीत पुढे काय होतंय तेही कळेल.