गुडघ्याची गादी फाटली आहे : व्यायाम चालू ठेवू की दुर्बीण?

मंडळी, मदत हवी आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ४८, राहतो नाशकात, द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. ऑक्टोबर छाटणी संपत आली होती. मांडवाखाली अर्धा वाकून चाललो होतो, उजवा पाय चिखलात रुतलेला आणि मागून कुणीतरी हाक मारली. अंग वळलं, पाय तिथेच राहिला. संध्याकाळपर्यंत विशेष काही नाही. सकाळी उठलो तर गुडघा नारळाएवढा!

एमआरआयमध्ये आलं : मेडियल मेनिस्कसच्या (गुडघ्यातल्या आतल्या बाजूच्या गादीच्या) मागच्या भागात ग्रेड ३ टेअर, म्हणजे पृष्ठभागापर्यंत गेलेली फाट, शिवाय वाटीमागची कूर्चा झिजायला लागली आहे. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले, दुर्बिणीतून फाटका तुकडा काढून टाकू. फिजिओ मॅडम म्हणाल्या, आधी १२ आठवडे मनापासून व्यायाम करा, मग बोलू. दोघंही अनुभवी, मी मधल्या मधे.

आज सात आठवडे झाले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणं, पाय सरळ ठेवून उचलणं, ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), टाचा उचलणं आणि गेल्या आठवड्यापासून भिंतीला टेकून अर्ध्या बैठका. सूज गेली. कृषीनगरच्या ट्रॅकवर अर्धा तास चालतो, त्रास नाही. पण जिना उतरताना वाटीच्या मागे चमक येतेच. बैठकांनंतर रात्री ठणकतं. कटकट आवाजही येतो. आईचं एकच पालुपद, "तिळाच्या तेलानं चोळ." चोळतो, तिच्या समाधानासाठी.

प्रश्न असा, की व्यायामात किती दुखलं तर चालतं? दुखतंय म्हणजे आणखी फाटतंय का? फेब्रुवारीत माल काढायचा आहे.

प्रतिसाद १
मी फिजिओ आहे, पण तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, म्हणून ढोबळच सांगते. गुडघा खरोखर अडकतो का? म्हणजे वाकलेला पाय हातानं हलवल्याशिवाय सरळच होत नाही, असं? तसं असेल तर व्यायामाच्या भरवशावर राहू नका, तज्ज्ञांना लगेच दाखवा. नुसता आवाज येतो आणि दुखत नाही, तर सोडून द्या.

घरी एक करून बघा. पालथे झोपा, दोन्ही पाय गुडघ्याच्या खालपासून पलंगाबाहेर येऊ द्या. एक टाच दुसरीपेक्षा वर राहिली तर तो पाय पूर्ण सरळ होत नाही. तसं दिसलं तर पुढच्या भेटीत सांगा.

दुखण्याचं माप : दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. सकाळी सूज दिसली किंवा जास्त दुखलं तर व्यायाम बंद न करता निम्मा करा. जिना उतरतानाची चमक बहुधा वाटीमागच्या कूर्चेची आहे, गादीची नाही. त्यामुळे बैठकांत गुडघा ४५ अंशांपेक्षा जास्त वाकवू नका.

प्रतिसाद २
गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, आतला भाग जवळपास कोरडा, म्हणून तो सहसा जुळत नाही. जुळला नाही तरी मांडीचे स्नायू भार उचलायला लागले की दुखणं कमी होतं. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाची फाटकी गादी कापली, दुसऱ्याला शस्त्रक्रियेचं नुसतं सोंग केलं. वर्षभरानं दोघांत लक्षणीय फरक नव्हता. पण ते रुग्ण झिजून फाटलेल्या गादीचे होते. तुमचा पाय पिळवटला आहे, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका.

प्रतिसाद ३
मी दीड वर्षापूर्वी यातून गेलो. चौथ्या महिन्यात पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो, उतरताना मात्र कठडा धरून आडवा उतरलो. लोक हसले. अवांतर : उकिडवं बसणं आजही टाळतो, घरी कमोड बसवून घेतला.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. टाचांचा प्रयोग केला. बायकोनं फूटपट्टी लावली, उजवी अर्धा सेंटीमीटर वर. माझ्या फिजिओ मॅडमना फोन केला, गुरुवारी बोलावलंय. गुडघा अडकत मात्र नाही. बैठका निम्म्या केल्या, काल रात्री शांत झोप लागली. आता स्थिर सायकल सुरू करायची म्हणतात. सीट किती उंच ठेवायची, कुणी सांगेल?