पट्टी, मींड आणि जवारी: छोट्या निर्मात्यांच्या सॉफ्टवेअर सिंथचे अनुभव

पुण्यात साथसंगत, नाटकाचं पार्श्वसंगीत आणि घरगुती रेकॉर्डिंग करणाऱ्या अनेकांच्या लॅपटॉपवर आता एकट्यादुकट्याने किंवा लहान गटाने बनवलेले सिंथ (संगणकावर वाद्यांसारखे आवाज तयार करणारे प्रोग्रॅम) असतात. त्यातल्या तिघांवर अनुभव हवे आहेत. सर्ज एक्सटी: मूळ क्लेस योहान्सन यांचा, २०१८ मध्ये त्याचा कोड खुला झाला, एक्सटी आवृत्ती २०२२ची. व्हायटल: मॅट टायटेल यांचा, २०२०चा. आणि यामाहाच्या १९८३च्या डीएक्स७वर बेतलेला डेक्स्ड. तिन्ही फुकट वापरता येतात, त्यामुळे किमतीची चर्चा नको. 'आवाज मस्त आहे' एवढ्यावरही थांबू नका. आपल्या गाण्यासाठी कुठलं सेटिंग, किती आकडा, काय बिघडतं आणि का, ते लिहा.

गायन शिकवणारे, सदाशिव पेठ

माझ्या दृष्टीने पहिली परीक्षा गंधाराची. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंट (सप्तकाचा बाराशेवा भाग म्हणजे एक सेंट), तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा ३८६. हा १४ सेंटचा फरक विद्यार्थ्याच्या गळ्यात बसला की काढायला महिने लागतात. सर्ज, व्हायटल आणि डेक्स्ड तिघेही एससीएल फाइल (स्वरांची अंतरं लिहिलेली साधी फाइल) घेतात, म्हणून ते शिकवणीत चालतात.

फाइल नोटपॅडमध्ये हाताने बनते. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ ही नुसती टीप. त्यानंतर एका ओळीत नाव, पुढच्या ओळीत १२, आणि मग एकाखाली एक: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८, २/१. षड्जाचा १/१ लिहायचा नाही, तो गृहीत असतो. लिहिलात तर सगळे स्वर एक घर सरकतात. आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा, देवनागरी अंक वाचले जात नाहीत. सेंटमध्ये लिहायचं असेल तर दशांश चिन्ह हवंच. ३८६.० म्हणजे सेंट, पण नुसतं ३८६ लिहिलं तर तो ३८६ पट असा अर्थ होतो आणि स्वर कानापलीकडे जातो. विंडोजवर फाइल सापडत नसेल तर नावाच्या शेवटी लपलेलं टीएक्सटी चिकटलंय का ते बघा.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीचा होतो. एकटी एससीएल फाइल टाकली की षड्ज पांढरी एकवर, म्हणजे मिडी ६०वर (संगणकासाठी त्या पट्टीचा क्रमांक) बसतो. काळी एकमध्ये गाणार असाल तर सोबत केबीएम फाइल (कुठल्या पट्टीवर कुठला स्वर ते सांगणारी) लागते. तिच्यात ओळीने: १२, ०, १२७, ६१, ६१, २७७.१८२६, १२, आणि मग ० ते ११ एकाखाली एक. पहिला ६१ षड्जाची पट्टी सांगतो, दुसरा ६१ आणि त्याखालचा आकडा तिची कंपनसंख्या.

रागाप्रमाणे फाइल वेगळी ठेवा. वरच्या यादीत रिषभ ९/८ आणि धैवत ५/३ आहे. हे दोन एकत्र धरले तर ६८० सेंटचं अंतर पडतं, खऱ्या पंचमभावाला २२ सेंट कमी, आणि स्पष्ट लहरी ऐकू येतात. रे-ध संवाद जिथे महत्त्वाचा तिथे धैवत २७/१६ करा.

संगीत संयोजन, कोथरूड

वरच्या गायनशिक्षकांचं शिकवणीपुरतं अगदी मान्य. भावगीतात कॉर्ड असतील तर मात्र ही फाइल पॅडवर (मागे भरून राहणाऱ्या लांब आवाजावर) लावू नका. रिषभावरचा मायनर कॉर्ड वाजवला की त्यातला पंचम हाच तो ६८० सेंटवाला येतो, आणि गायिका बरोबर गात असूनही बेसूर वाटते. मी पॅड बाराही स्वर समान अंतराचे ठेवतो आणि पॅडमधून गंधार काढून टाकतो, नुसते सा आणि प ठेवतो. गंधार गळ्याला आणि बासरीला मोकळा राहतो. एससीएल फक्त एकेक स्वर वाजणाऱ्या ट्रॅकवर.

व्हायटलमध्ये सीपीयू कुठे जातो तेही लिहितो. तीन ऑसिलेटर (मूळ लहर काढणारे भाग), प्रत्येकी १६ युनिसन (त्याच लहरीच्या प्रती) आणि आठ स्वरांचा कॉर्ड, म्हणजे एका वेळी ३८४ लहरी. युनिसन ४वर आणा, ऑसिलेटर दोन ठेवा, मिक्समध्ये फरक कळत नाही. ओव्हरसॅम्पलिंग (आवाजाचं जास्त बारीक गणित) काम करताना १एक्स, अंतिम बाउन्सच्या (ट्रॅक फाइलमध्ये उतरवण्याच्या) वेळी ४एक्स.

तानपुऱ्याचा ट्रॅक बनवणारे, नारायण पेठ

मिरजेच्या तानपुऱ्याला पर्याय म्हणून हे सांगत नाही. चाल बांधताना मागे धरायला चालतं.

सर्जमध्ये स्ट्रिंग ऑसिलेटर घ्या. त्यात दोन तारा असतात. दोन्हींचा डीके (गुंजन विरण्याचा वेळ) ९५ टक्क्यांच्या वर, दुसऱ्या तारेचं डिट्यून (सुरातला किंचित फरक) २ सेंट. ५ सेंट केलंत तर जोड न वाटता बिघडलेली तार वाटते. काळी एकसाठी मंद्र पंचम मिडी ४४, जोड (मधल्या षड्जाच्या दोन तारा) ४९, खर्ज (खालचा षड्ज) ३७. एससीएल आणि वरची केबीएम दोन्ही लागलेल्या असतील तर पंचम १०३.९४ हर्ट्झ येतो, ट्यूनरवर तपासून घ्या. जोडाच्या दोन तारा दोन वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, कारण एकाच ट्रॅकवर तोच स्वर पुन्हा वाजला की आधीची गुंजन कापली जाऊ शकते, आणि तानपुऱ्याची जान तर त्या एकमेकांत मिसळणाऱ्या शेपटांतच असते.

जवारी निव्वळ तारेच्या आवाजातून येत नाही. खऱ्या वाद्यात तार घोडीच्या उतरत्या पाठीला घासत राहते आणि वरचे स्वरांश एकामागून एक उजळत खाली येतात. त्यासाठी बँडपास फिल्टर (फक्त मधला पट्टा जाऊ देणारा), रेझोनन्स (त्या पट्ट्याची धार) निम्म्याच्या थोडा वर, आणि फिल्टर एन्व्हलपने (वेळेनुसार होणाऱ्या चढउताराने) त्याला ४००० हर्ट्झवरून १२००पर्यंत साधारण २ सेकंदांत उतरवा. अटॅक (आवाज उठायला लागणारा वेळ) ४० मिलिसेकंद ठेवा, शून्यावर गिटारसारखी टणत्कारते. सगळे स्वर ग्रिडवर तंतोतंत बसवू नका. प्रत्येक आघात १०-२० मिलिसेकंद मागेपुढे, व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) ६० ते ७५ मध्ये बदलती. आवर्तन यांत्रिक झालं की पाच मिनिटांत कान शिणतो.

कीबोर्ड साथ, नाट्यसंगीत

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) दोन प्रकारे निघते. पहिली चाकाने: पिच बेंडची मर्यादा मुळात २ सेमीटोन असते, सा ते प घ्यायला ७ लागतात. १२ ठेवू नका, चाक जरा हललं तरी स्वर उडतो. दुसरी बोटाने: सर्जमध्ये प्ले मोड मोनो, त्यात एसटी (सिंगल ट्रिगर) आणि एफपी (फिंगर्ड पोर्टामेंटो) दोन्ही असलेला निवडा. मग पहिला स्वर दाबून ठेवून दुसरा दाबला तरच घसरण होते, बोट उचलून वाजवलं तर खडा स्वर लागतो. पोर्टामेंटो (घसरणीचा वेळ) १५० ते २५० मिलिसेकंद. व्हायटलमध्ये व्हॉइस १, लेगाटो चालू, आणि ग्लाइड.

दरबारीच्या कोमल गंधाराचं आंदोलन एलएफओने (संथ डोलणाऱ्या लहरीने) करायचं तर तो युनिपोलर (एकाच बाजूला जाणारा) करा, खोली उणे दिशेने, वेग २ हर्ट्झच्या आसपास, आणि सगळं मॉड व्हीलवर. बायपोलर ठेवला की गंधार शुद्धाकडे डोकावतो आणि राग मोडतो.

हार्मोनियम वादक, सिंहगड रोड

पेटीचा आवाज करायचा तर व्हेलॉसिटी बंद करा. पेटीत पट्टी जोरात दाबल्याने आवाज मोठा होत नाही, भात्याने होतो. म्हणून आवाज सीसी ११वर (मिडीचा एक्स्प्रेशन नियंत्रक), एक्स्प्रेशन पेडलने. आपल्याच पेटीचा खर्ज सूर सरळ भात्याने ४ सेकंद रेकॉर्ड करून व्हायटलच्या ऑसिलेटरवर टाका आणि पिच स्प्लाइस निवडा. दुसऱ्या ऑसिलेटरवर तोच आवाज एक सप्तक वर, ३ सेंट चढा. अटॅक खालच्या सप्तकात ६०, वरच्यात २५ मिलिसेकंद, कारण मोठी रीड उशिरा बोलते.

नाटकाचं पार्श्वसंगीत, शनिवार पेठ

डेक्स्डवर जलतरंग चांगला जमतो. एक कॅरिअर (ऐकू येणारी लहर), एक मॉड्युलेटर (तिला हलवणारी लहर), मॉड्युलेटरचा रेशो (कॅरिअरच्या किती पट) ३.५, आणि मॉड्युलेटरचा एन्व्हलप कॅरिअरच्या आधी संपू द्या. रेशो पूर्णांक ठेवला तर चिनी मातीचा टणटणीतपणा जातो.

ध्वनिव्यवस्था

मंचावर बफर (एका वेळी हाताळायचे आवाजाचे नमुने) १२८, ४८००० हर्ट्झला २.७ मिलिसेकंद. कडकड ऐकू आली तर २५६. ५१२वर तबल्याच्या द्रुत लयीत मागे पडायला होतं. वायफाय बंद, लॅपटॉप पूर्ण वेगाच्या पॉवर प्लॅनवर.

चार्जर लावताच गुणगुण सुरू झाली तर दोष सिंथमध्ये शोधू नका. चार्जर क्षणभर काढा. गुणगुण गेली तर तो अर्थिंगचा लूप आहे. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स लावून त्याचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. चार्जरच्या प्लगची अर्थची पिन मात्र कधीही तोडू नका, जिवावर बेतेल.

प्रश्न: आमची पेटी ४४०ला नाही, काळी एक २७९ हर्ट्झ दाखवते. सर्जमधला तानपुरा जुळवायचा कसा?

गायन शिकवणारे, सदाशिव पेठ: दादा, केबीएममध्ये २७७.१८२६च्या जागी २७९.० लिहा आणि फाइल पुन्हा लोड करा. ११ सेंट चढेल. गिटार किंवा बासरी सोबत असेल तर त्यांचा ट्यूनर ४४३ला ठेवायला सांगा. पेटी मोजताना भाता मध्यम ठेवा, जोरात मारला की सूर थोडा हलतो.