मे महिन्यात सहकुटुंब ताडोबा: मुक्काम गेटवर की चंद्रपुरात?

पळसपान (धागाकर्ता)

'ताडोबा स्वस्तात' अशा मथळ्याची एक पोस्ट सध्या घराघरांतल्या ग्रुपांवर फिरते आहे. त्यातले सल्ले तीन. गेटजवळच्या रिसॉर्टवर पैसे उधळू नका, चंद्रपूरला स्टेशनजवळ हॉटेल घ्या. आधी खोली पक्की करा, सफारी नंतर कधीही मिळते. आणि चार माणसांना एक डबल बेड नि दोन गाद्या पुरतात. तिन्ही सल्ले मे महिन्यात मुलंबाळं घेऊन जाणाऱ्याला गोत्यात आणणारे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सफारी गेटनिहाय मिळते. मोहर्लीचं बुकिंग असेल तर मोहर्लीतूनच आत जायचं आणि तिथूनच बाहेर यायचं. कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी, सगळीकडे हेच. स्वतःची गाडी कोअरमधून, म्हणजे जंगलाच्या मुख्य संरक्षित भागातून, पलीकडे काढता येत नाही. त्यामुळे खोली मोहर्लीत आणि सफारी कोलाऱ्याची मिळाली, तर भद्रावती, वरोरा, चिमूर असा बाहेरून वळसा घालावा लागतो. दोन-अडीच तास गेले. पहाटेच्या सफारीला हे अशक्यच. म्हणून आधी सफारी, मग त्याच गेटची खोली. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं बिघडतं.

आता चंद्रपूर. मोहर्ली तिथून पंचवीस-तीस किलोमीटर. आकडा छोटा दिसतो, पण पद्मापूरच्या पुढे रस्ता जंगलातून जातो आणि अंधारात तिथे वेग ठेवता येत नाही, ठेवूही नये. उन्हाळ्यात सकाळची सफारी साडेपाचच्या सुमारास सुटते. त्याआधी ओळखपत्रं तपासून, गाइड नि जिप्सी (सफारीची उघडी गाडी) ताब्यात घेऊन बसायचं असतं. म्हणजे हॉटेल चारला सोडायचं आणि मुलांना साडेतीनला उठवायचं. सफारी संपवून शहरात परत येईपर्यंत अकरा वाजतात. दुपारच्या सफारीसाठी दीड-दोनला पुन्हा निघायचं, तेव्हा पारा पंचेचाळिशीकडे असतो. दिवसाला चार फेऱ्या, शंभर-सव्वाशे किलोमीटर. गेटवर राहणारं कुटुंब तेवढ्या वेळात आंघोळ, जेवण नि तीन तासांची झोप उरकतं. मे महिन्यात ही दुपारची झोप म्हणजेच सहल. ती नसेल तर मूल दुसऱ्या दिवशी जिप्सीत बसायला तयार होत नाही.

चांद्याचा_माणूस

क्रमाबद्दल बरोबर बोललात. पण चंद्रपूरला एका फटक्यात बाद केलंत ते पटलं नाही. ज्या घरात सत्तरीचे आजोबा नि रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, त्यांनी काय करायचं? गेटच्या गावात रात्री अकराला सलाइन लावायची वेळ आली तर? चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, रात्री उघडी औषधांची दुकानं आहेत. उन्हाळ्यात अर्ध्या पर्यटकांना वाघाआधी ऊन गाठतं.

दुसरं, सगळे कोअर-कोअर करतात. आगरझरी, जुनोना, देवाडा ही बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलपट्ट्याची, गेटं शहराच्या बाजूची. जुनोना तर शहराला लागूनच. बफरची एखादी सफारी नि महाकालीचं दर्शन एवढाच बेत असेल तर शहरातला मुक्कामच सोयीचा. प्रत्येक कुटुंबाला चार सफाऱ्या करायच्या नसतात.

माळढोक

बफरचा विषय निघालाच आहे म्हणून बोलतो. 'कोअर नाही मिळालं तर जाऊन उपयोग नाही' हे कोणी पसरवलं? वाघाला हद्दीचा खांब दिसत नाही. मे महिन्यात पाणी जिथे, जनावर तिथे. वनविभाग बफरमधल्या पाणवठ्यांतही टँकरने किंवा सौरपंपाने पाणी सोडतो. तरी लोक कोअरसाठी तळमळतात आणि मधले दलाल त्याचाच फायदा घेतात. 'कोअर सफारीसह पॅकेज' म्हणून पैसे घ्यायचे आणि ऐनवेळी बफरची जिप्सी उभी करायची, हा प्रकार दर उन्हाळ्यात होतो. खोलीवाल्याकडून सफारी घेणार असाल तर तुमच्या नावांची, गेटचं नाव नि तारीख छापलेली पावती आधी मागा. पावती नाही तर आगाऊ रक्कम नाही. बुकिंगमध्ये जी नावं, जी ओळखपत्रं, तीच माणसं गेटवर लागतात. काकांच्या जागी मामा चालत नाही.

ठाणे_पश्चिम

मुद्दा भरकटतोय. खोली कोणती घ्यायची ते सांगा. चौकशी केली तर गेटजवळचे होमस्टेवाले 'कूलर आहे' म्हणतात. मे महिन्यात, चंद्रपूर जिल्ह्यात, लहान मुलं घेऊन कूलरवर राहायचं? एसी नसेल तर ती खोली कुटुंबासाठी नाहीच. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

झाडीपट्टी

चर्चा तं हाये ना भाऊ. कूलरले नाव ठेवायच्या आधी तो कसा चालते ते समजून घ्या. तुमच्या ठाण्यात हवा आधीच ओली, तिथं कूलर लावला तं घामच येते. इकडं मे महिन्यात दुपारी हवेत ओलावा पंधरा टक्क्यांवर येते. बाहेर ४४ अंश असलं तरी चांगल्या ताट्यांतून (कूलरच्या बाजूले लावलेल्या भुशाच्या ओल्या जाळ्या) ओढलेली हवा २७-२८ अंशांची निघते. ही गंमत नाही, कोरड्या हवेचा गुण आहे.

पण खिडकी बंद करून कूलर लावला तं खोली दमट होणारच. समोरची खिडकी नाही तं दार चार बोटं उघडं पाहिजे, म्हणजे ओली हवा बाहेर निघते. एसीची सवय असलेली माणसं येतात, सगळं गच्च बंद करतात आन् सकाळी मालकावर ओरडतात.

ठाणे_पश्चिम

म्हणजे जंगलाच्या कडेला, रात्री, मुलं झोपलेली असताना खिडकी उघडी ठेवायची? डास, विंचू, साप, माकडं? हा सल्ला तुम्ही गंभीरपणे देताय?

झाडीपट्टी

जाळी नावाची वस्तू असते. खिडकीले बारीक जाळी, दाराच्या खाली रबराची पट्टी. खोली घेताना ते विचारा. पण इथल्या लोकायले अडाणी समजून बोलू नका. पिढ्या गेल्या या गावांत.

पळसपान

दोघांनीही जरा आवाज खाली घ्या. अडाणी कोणी म्हटलेलं नाही.

कूलरचा मुद्दा धाग्याचाच आहे, कारण गेटवरच्या परवडणाऱ्या खोल्या बहुतेक कूलरच्याच असतात. दोन गोष्टी सुटल्या. एक, पाणी. मोठा कूलर भर उन्हात तासाला १०-१५ लिटर पाणी सहज पितो. ६० लिटरची टाकी चार-पाच तासांत कोरडी. दुपारी झोपताना भरली तर संध्याकाळी परत भरावी लागते, आणि रात्री संपली तर सुकलेल्या ताट्यांतून गरम वारा सुटतो, मूल रडत उठतं. कूलरला नळ नि तरंगता बॉल जोडलाय की बादलीने भरायचा, हे फोनवरच विचारा. दुसरं, ताट्या. लाकडी भुशाच्या ताट्या दर हंगामात बदलायच्या असतात. जुन्या ताट्यांवर क्षार बसतो, मधोमध ओलं नि कडेला कोरडं राहतं, वासही येतो. 'ताट्या यंदाच्या आहेत का?' एवढ्या प्रश्नावरून मालक कसा आहे ते कळतं.

चांद्याचा_माणूस

आणि एसीवाल्यांनीही ऐकावं. एसी आहे एवढ्याने भागत नाही. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. बाहेर ४५ असताना तोच एसी कमी थंडावा देतो नि जास्त वीज ओढतो. गावच्या लाइनवर संध्याकाळी सगळे एसी, सगळे मोटारपंप एकदम सुरू होतात. दाब १८० व्होल्टच्या खाली गेला की कॉम्प्रेसर बंद पडतो. शेजारी २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, आणि गेटच्या गावात वादळी वाऱ्याने लाइन गेली तर रात्रभर अंधार. याचा मला मनापासून राग आहे. मोठ्या रिसॉर्टांत जनरेटर असतो, पण त्यावर एसी चालतो की नुसते पंखे-दिवे, हे कोणी विचारत नाही. शहरात निदान लाइन लवकर परत येते. कूलर २०० वॅटच्या आसपास खातो, तो साध्या जनरेटरवरही चालतो. हे कूलरच्या बाजूने आहे, मान्य करतो.

माळढोक

कूलरला पाणी कुठून येतं ते पण बोला. मे अखेरीला गावच्या विहिरी तळाला जातात. त्याच गावात पाहुण्यांसाठी पोहण्याचे तलाव भरलेले. कूलरच्या शंभर-दीडशे लिटरवर वाद घालणाऱ्यांनी तलावाच्या हजारो लिटरवर एक शब्द काढलेला नाही. मुलांना तलाव हवाच म्हणून रिसॉर्ट निवडणारे आईबाप याला जबाबदार आहेत.

ठाणे_पश्चिम

४५ अंशांत मुलांनी दुपारभर खोलीत काय करायचं? तलावात तासभर डुंबली तर अंगातली उष्णता उतरते. प्रत्येक गोष्टीत आईबापांना गुन्हेगार ठरवू नका.

कूलरबद्दल, जाळी, नळाला जोडलेली टाकी नि नवी ताटी असेल तर चालेल, एवढं मान्य. पण वादळी पाऊस येऊन हवा दमट झाली त्या रात्री काय? जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असं होतंच.

झाडीपट्टी

हे खरं हाये. पाऊस पडला का कूलर कामाचा नाही. जूनमध्ये येत असाल तं एसी घ्या. मे महिन्यात कूलर. आता झालं समाधान?

पळसपान

मला वाटतं यापेक्षा महत्त्वाचं आहे ते छप्पर. पत्र्याच्या छपराखाली कूलर असो वा एसी, दोन्ही हरतात. फोटोत छान दिसणाऱ्या कॉटेजचं उतरतं छप्पर कित्येकदा पत्र्याचंच असतं, आतून नुसतं लाकडी फळ्यांचं आवरण. दुपारी दोनला ते तापतं आणि रात्री अकरापर्यंत खाली धग सोडत राहतं. स्लॅबची, तळमजल्याची, पश्चिमेला उन्हाची बाहेरची भिंत नसलेली खोली मागा. स्लॅबवर अजून एक मजला असेल तर उत्तम.

गाद्यांबद्दल. डबल बेडच्या खोलीत दोन गाद्या टाकल्या की न्हाणीघराची वाट अडते आणि जमिनीवरच्या मुलापर्यंत वारा पोचत नाही, तो वरून निघून जातो. दोन वेगळ्या खोल्या घ्या, शक्यतो मधलं दार असलेल्या. यात पैसेही वाचतात. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८. सात-सात हजारांच्या दोन खोल्यांवर ७०० रुपये कर, चौदा हजारांच्या एका फॅमिली कॉटेजवर २,५२०. फरक दोन वेळच्या जेवणाएवढा आहे. सांगितलेलं भाडं करासकट की कराविना, माणशी की खोलीमागे, जेवण धरून की वेगळं, हे तिन्ही लेखी घ्या.

चांद्याचा_माणूस

मोहर्लीला एमटीडीसी (राज्याचं पर्यटन महामंडळ) नि वनविकास महामंडळ, दोघांचीही निवासं आहेत, ते राहिलं. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारची बुकिंग्ज लवकर भरतात, पण सोमवार ते गुरुवार जागा मिळायची शक्यता जास्त असते. फक्त मंगळवारी कोअर बंद असतं. सोमवार-मंगळवार असा मुक्काम धरला तर दुसरा दिवस हातचा जातो. बुधवार-गुरुवार धरा.

आणि हो, दोन पूर्ण दिवस, तीन-चार सफाऱ्या असतील तर गेटवरच राहावं, हे मी मान्य करतो. एका सफारीसाठी मात्र नाही. यावरून मी हटणार नाही.

पळसपान

एका बफर सफारीपुरतं तुमचं चालेल. पण ती पोस्ट एका सफारीबद्दल नव्हती.

नवीन_पालक

सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. आम्ही नागपूरहून गाडीने. चार मोठे, त्यात सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात. मुलं ९ आणि ४ वर्षांची. मेचा तिसरा आठवडा. कुठलं गेट, कसली खोली?

पळसपान

नागपूरहून कोलारा. उमरेड, भिसी, चिमूर या रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर, मोहर्लीपेक्षा सोपं. चिमूरला सरकारी रुग्णालय, पेट्रोल नि औषधं आहेत, तिथून गेट जवळ.

बुधवार दुपार, गुरुवार सकाळ, अशा दोनच सफाऱ्या. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुमचं कुटुंब एका गाडीत मावतं. सासूबाईंना मधल्या रांगेत बसवा, मागची रांग चाकांवर येते नि खड्ड्यात सगळ्यात जास्त उडते. चढायला उंच पडतं, त्यामुळे गाइडला सांगून स्टूल मागा. मोबाईल आत नेता येत नाही, तेव्हा मुलांना त्यावर काही दाखवायचं वचन देऊ नका.

झाडीपट्टी

माणशी दोन लिटर पाणी, सुती ओला दुपट्टा, आन् कांदा-कैरीचं पन्हं थर्मासमध्ये. चार वर्षांच्या पोराले दुपारच्या सफारीले नेऊ नका, एकजण त्याच्यासंगं खोलीवर राहा. खोली घेताना मालकाले म्हणा, कूलर दुपारी बारालेच चालू करून ठेव. तापलेल्या भिंती गार व्हायले दोन तास लागतात, तुम्ही पोचल्यावर बटन दाबून काही होत नाही.

ठाणे_पश्चिम

सासूबाईंच्या खोलीला मात्र एसीच घ्या, आणि स्टॅबिलायझर आहे का ते विचारा. दुसरी खोली कूलरची घेतलीत तरी चालेल.

नवीन_पालक

दोन खोल्या, तळमजला, स्लॅब, एक एसीची, एक कूलरची. कोलाऱ्याची बुधवार-गुरुवारची सफारी आधी बघते, मिळाली तर खोलीसाठी फोन करते.