एमएमओ खेळ: सोबत हवी, पण वेळापत्रक कोणाचे?

गंगापूररोडकर

हजारो खेळाडू एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात, प्रत्येक जण आपले एक पात्र घडवत नेतो आणि त्यांतला एखादा झोपी गेला तरी त्या जगाचा व्यवहार चालूच राहतो, अशा खेळांना आपण सोयीसाठी एमएमओ म्हणतो. नाशिकमध्ये ऑनलाइन खेळ म्हटला की बहुतेकांना मोबाइलवरचा गोळीबार आठवतो, ज्यात अर्ध्या तासात डाव संपतो आणि सोबत्यांची नावेही लक्षात राहत नाहीत. एमएमओचा पिंड त्याहून निराळा आहे, किंवा निदान होता.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी केवळ अक्षरांतून चालणारे ‘मड’ नावाचे जग उभे केले. तेव्हापासून या प्रकाराचे सगळे आकर्षण समोरच्या जिवंत माणसात आहे. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये एकट्याने फारसे काही साधत नसे. पात्र मेले की अंगावरचे सामान प्रेतापाशीच राही आणि ते परत आणताना ओळखीपाळखीच कामाला येत. २००४ च्या अखेरीस आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने हा जाच बराच कमी केला, तरी त्यातल्या मोठ्या मोहिमांना, म्हणजे रेडना, सुरुवातीला ४० जण लागत. शत्रूचे वार अंगावर घेणारा टँक, जखमा भरून काढणारा हीलर आणि मारा करणारे बाकीचे यांच्यापैकी कोणी कुचराई केली की सगळेच आडवे होत. त्यामुळे कोण वेळेवर येतो, कोण हरल्यावर चिडत नाही, कोण लूट मिळताच पळतो, याची सर्व्हरभर, म्हणजे त्या जगाच्या एका प्रतीत खेळणाऱ्या सगळ्यांमध्ये, कीर्ती किंवा अपकीर्ती होत असे.

डिसेंबर २००९ मध्ये त्याच खेळात डंजनसाठी, म्हणजे पाच जणांनी मिळून साफ करायच्या राक्षसांच्या छोट्या गुहेसाठी, डंजन फाइंडर आला. बटण दाबावे, यंत्रणेने वेगवेगळ्या सर्व्हरांवरून पाच जण जमवावेत, त्यांनी डंजन साफ करावे आणि एकमेकांशी अवाक्षरही न बोलता निघून जावे, अशी ती सोय. वेळ वाचला हे खरेच. परंतु ज्याच्याशी उद्या पुन्हा गाठ पडणार नाही, त्याच्याशी नीट वागण्याचे कारणही त्यासोबत गेले. माझे म्हणणे असे की, गट जमवण्याचा त्रास हा या खेळांचा दोष नव्हता, तो त्यांचा गाभाच होता, आणि तो काढून टाकल्यावर उरला तो नुसता रोजचा रतीब: डेली, म्हणजे रोजची ठरलेली कामे, करा, बक्षिसाची टोकन घ्या, लॉगआउट व्हा. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीला जुनाच खेळ ‘क्लासिक’ म्हणून पुन्हा आणावा लागला, ते काही केवळ जुन्या आठवणींच्या उमाळ्यामुळे नव्हे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

सातपूरकर

मी पूर्णपणे असहमत आहे. गट जमवण्याचा त्रास हा गाभा वाटतो तो त्यांना, ज्यांची संध्याकाळ त्यांच्या स्वतःच्या मालकीची असते. मी सातपूर एमआयडीसीत पाळीने काम करतो. ज्या आठवड्यात दुसरी पाळी असते त्या आठवड्यात मी घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी मी पहाटेच्या गजराच्या धाकाने झोपलेला असतो. दर मंगळवारी आणि गुरुवारी अमुक वाजता हजर राहा, असा नियम असलेल्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायम गटात, माझ्यासारख्याला जागा कोणती?

त्यात आपल्या घड्याळाचा प्रश्न वेगळाच आहे. बहुतेक मोठ्या एमएमओंचे सर्व्हर भारतात नाहीत, म्हणून आपण दुसऱ्यांच्या संध्याकाळी खेळतो. सिंगापूरमध्ये रात्री ८ वाजता रेड ठरली तर नाशिकमध्ये ५:३० वाजलेले असतात आणि सामान्य नोकरदार तेव्हा अंबडच्या सिग्नलला उभा असतो. मध्य युरोपात हिवाळ्यातले रात्रीचे ८ म्हणजे आपल्याकडचे १२:३०. या दोन टोकांच्या मधली, आपल्या जेवणानंतरची शांत वेळ ना पूर्वेच्या सर्व्हरवर गर्दीची असते ना पश्चिमेच्या. अशा माणसासाठी डंजन फाइंडर हा खेळात शिरायचा एकमेव दरवाजा आहे, आणि धागाकर्ते तोच बंद करू पाहतात.

क्लासिकचा दाखला दिलात तर पुढचेही सांगायला हवे होते. त्याच क्लासिकमध्ये २०२२ साली लिच किंगचा टप्पा, म्हणजे जुन्या खेळाची एक पुरवणी, आला, तेव्हा जुन्या खेळाडूंच्या आग्रहाला मान देऊन डंजन फाइंडर मुद्दाम वगळण्यात आला, आणि २०२३ मध्ये तो परत आणावा लागला. त्रासातच आनंद आहे असे म्हणणाऱ्यांनीच एकदा तो त्रास भोगून पाहिला आणि सोय परत स्वीकारली, असा मी त्याचा अर्थ लावतो.

गंगापूररोडकर

पाळीचा मुद्दा वजनदार आहे, पण तो सोयीच्या बाजूने जेवढा जातो तेवढाच गिल्डच्या बाजूनेही जातो. आशियातील सर्व्हरांवर भारतीय वेळेनुसार चालणारे गट असतात, आणि ते कोणत्याही यंत्रणेने जमवलेले नसून गरजेपोटी एकमेकांना शोधत आलेल्या लोकांनी उभे केलेले आहेत. बटण दाबून काम भागले असते तर ते उभेच राहिले नसते.

दुसरे असे की सोयीला तळ नसतो. आधी अनोळखी माणसे जमवून देणारी यंत्रणा आली. आता फायनल फँटसी १४ मध्ये मूळ कथेतील डंजन संगणकाने चालवलेल्या सोबत्यांना घेऊनही पार करता येतात. खेळ म्हणून तो उत्तम आहे, कथा तर फारच चांगली आहे. पण माणसे वगळून जर सगळे होत असेल, तर महिन्याची वर्गणी मी नेमकी कशासाठी भरायची? एकट्याने खेळायचे कथाप्रधान खेळ एकदाच पैसे देऊन मिळतात आणि पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचीही काळजी नसते.

देवळाली_कॅम्प

दोघांच्याही लिखाणात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे ओळख नेहमी हवीशीच असते. मी बरीच वर्षे हीलर म्हणून खेळते. एका गिल्डमध्ये माझे काम चोख होते, सगळे लिहूनच बोलत, आणि कोणी कोणाची चौकशी करत नसे. पुढे रेडसाठी व्हॉइस चॅट सक्तीचे झाले. आवाज ऐकल्यावर काहींनी मला अचानक सगळे समजावून सांगायला सुरुवात केली, जणू आदल्या आठवड्यापर्यंत त्यांना जिवंत ठेवणारी कोणी दुसरीच होती. एकदोघांचे खासगी निरोप कोणत्या थराला गेले ते इथे लिहिण्याजोगे नाही. गिल्डप्रमुखाला त्यांच्यातल्या एकाबद्दल सांगितले, तर ‘तो चांगला टँक आहे, सांभाळून घ्या’ असे उत्तर मिळाले. गंगापूररोडकर ज्या कीर्ती-अपकीर्तीची महती सांगतात ती अशी चालते: उपयोगी माणसाची अपकीर्ती कोणी होऊ देत नाही. त्यानंतर कित्येक महिने मी फक्त डंजन फाइंडरमधून खेळले आणि अनोळखी लोकांच्या अबोलपणात मला विलक्षण मोकळे वाटले.

तरीही मी एमएमओ सोडला नाही, कारण उलट बाजूही खोटी नाही. नॉर्वेमध्ये स्नायूंच्या असाध्य विकाराने चाकाच्या खुर्चीला खिळलेला एक तरुण २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला. मुलाला मित्रच मिळाले नाहीत या दुःखात आईवडील होते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी दिली, तेव्हा वॉरक्राफ्टमधील सोबत्यांचे निरोप वेगवेगळ्या देशांतून येऊ लागले आणि त्यांच्यापैकी काही जण अंत्यविधीलाही आले. ही नाती डंजन फाइंडरने जुळवलेली नव्हती, एका कायम गटात वर्षानुवर्षे रोज भेटून ती जुळली होती. म्हणून मला दोन्ही वाटा हव्यात, आणि कोणती कधी घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे हवा. धागाकर्त्यांचा ‘गाभा’ नेमका तोच अधिकार काढून घेतो.

पालक_इंदिरानगर

मी स्वतः खेळत नाही, मुलगा खेळतो. तो बारावीत आहे. जेवायला हाक मारली की ‘हा गेम पॉज होत नाही’ असे उत्तर येते, आणि सुरुवातीला मला ते निव्वळ कारण वाटत होते. इथले वाचून कळले की त्याने उठायचे ठरवले तर बाकीच्या सगळ्यांचा डाव मोडतो. मग प्रश्न असा आहे की, घरच्यांपेक्षा अनोळखी लोकांच्या शब्दाला जास्त बांधील राहायला लावणाऱ्या रचनेला तुम्ही गुण कसे म्हणता? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, खेळाचा विकार समाविष्ट झाला आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे.

सातपूरकर

पालकांसाठी: त्या यादीत नुसते जास्त खेळणे हा विकार नाही. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, हे सर्व साधारणपणे १२ महिने दिसावे लागते, आणि त्याने अभ्यास, घर, नोकरी यांची लक्षणीय हानी व्हावी लागते. जेवायला अर्धा तास उशीर त्यात बसत नाही. मुलाला एवढेच विचारा की तो डंजनमध्ये आहे की रेडमध्ये. फाइंडरमधले डंजन साधारण वीस-तीस मिनिटांत संपते, रेडची रात्र तीन तासांची असू शकते. बारावीच्या वर्षात पहिले चालेल, दुसरे नाही, असा करार घरात होऊ शकतो. आणि पुन्हा पाहा, तो करार शक्य होतो तो सोयीमुळेच.

जमाखर्च

गिल्डची एक बाजू इथे कोणी मांडली नाही, ती लुटीच्या वाटपाची. चाळीस जणांनी राक्षस मारला आणि दोन-तीनच वस्तू पडल्या, तर त्या कोणाच्या? यासाठी एव्हरक्वेस्टच्या काळात खेळाडूंनीच ड्रॅगन किल पॉइंट्स, म्हणजे डीकेपी, ही पद्धत बसवली. प्रत्येक हजेरीला गुण मिळतात, वस्तू घेताना ते खर्च होतात. आपल्याकडच्या भिशीसारखेच हे चालते: प्रत्येक जण नेमाने भरतो, उचल एकेकाला मिळते, आणि सगळा डोलारा या विश्वासावर उभा असतो की उचल घेतलेला माणूस पुढच्या महिन्यातही येईल. कंपनीने यातले काहीही बनवलेले नव्हते. खेळाडूंनी स्वतः नियम घडवणे, ते वहीत लिहून ठेवणे, भांडणे, सुधारणे, हे मला या प्रकारातले सर्वांत देखणे काम वाटते, आणि लूट व्यक्तिगत करून, म्हणजे ज्याची त्याला परस्पर देऊन, कंपन्यांनी ते अनावश्यक ठरवले, येथे मी गंगापूररोडकरांच्या बाजूला आहे. अर्थात वही ज्याच्या हाती त्याचे मित्र तुपाशी, हा अनुभवही नवा नाही.

मात्र माणसांमधील व्यवहार टिकवायला रेडच लागते असे नाही. २०१७ मध्ये आलेल्या अल्बियन ऑनलाइनमध्ये जवळपास सगळी शस्त्रे आणि चिलखते खेळाडूच बनवतात; धोक्याच्या प्रदेशात मेलात तर अंगावरचे सामान जाते, म्हणून मागणी कधी आटत नाही. तो मोबाइलवर चालतो आणि २०२३ पासून त्याला आशियाचा स्वतंत्र सर्व्हर आहे. रात्री एक वाजता पाळीवरून आलेला माणूससुद्धा तेथे माल बाजारात लावून झोपू शकतो, आणि सकाळी तो कोणीतरी घेतलेला असतो. ईव्ह ऑनलाइनमध्ये तर पात्राची कौशल्ये लॉगआउट असतानाही वाढत राहतात, आणि तेथील बाजाराचा पसारा एवढा की कंपनीने २००७ मध्ये त्यासाठी अर्थतज्ज्ञ नेमला. वेळ जुळली नाही तरी माणसे एकमेकांना लागतात, असे खेळ घडवता येतात. डंजन फाइंडर हवा की नको, एवढाच वाद घालणे मला अपुरे वाटते.

गंगापूररोडकर

अल्बियनचा दाखला चांगला आहे, तरी बाजारात माल घेणारा आणि विकणारा एकमेकांना ओळखत नाहीत, ही माझी मूळ तक्रार तशीच राहते. देवळाली_कॅम्प यांनी लिहिले ते मात्र मी टाळू शकत नाही: ओळख टिकावी असे म्हणायचे तर गैरवर्तनाला शिक्षा देणारे कोणीतरी हवे, आणि ते काम केवळ गिल्डप्रमुखावर सोडून चालणार नाही. माझा प्रस्ताव असा आहे की डंजन फाइंडर असावा, पण त्याने केवळ त्याच सर्व्हरवरील खेळाडू जमवावेत, म्हणजे तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतील, चांगले-वाईट लक्षात राहील आणि गट जमवण्यात संध्याकाळही जाणार नाही.

देवळाली_कॅम्प

एकाच सर्व्हरपुरती रांग ठेवली तर ती लांबेल, आणि ती कोणासाठी लांबेल हेही ठरलेले आहे. टँक आणि हीलर नेहमीच कमी असतात, त्यामुळे आम्हाला बहुधा लगेच गट मिळतो. थांबावे लागते ते मारा करणाऱ्यांना. या धाग्यावर सोय आणि सोबत यांवर एवढे लिहिणाऱ्यांनी स्वतः कोणती भूमिका घेतली आहे, हे कोणीच सांगितलेले नाही. हीलर व्हा, निम्मा प्रश्न सुटेल.

सातपूरकर

मी मारा करतो, आणि त्याचे कारण आळस नव्हे. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी सरळ असती तरी संदेश जाऊन यायला ३९ मिलिसेकंद लागले असते. फ्रँकफर्टसाठी हाच आकडा ६५ च्या पुढे जातो. प्रत्यक्षात केबलचा मार्ग लांब असतो, त्यात घरातला राउटर आणि गल्लीतला इंटरनेटवाला यांची भर पडते, आणि पावसाळ्यात लाइट गेली की सगळेच संपते. माझा वार पाव सेकंद उशिरा बसला तर राक्षस पाव सेकंद उशिरा मरतो. हीलरचा उपचार तेवढाच उशिरा पोहोचला तर टँक मरतो आणि चौघे जण मला शिव्या घालतात. तुमच्या देवळालीत लाइन बरी असेल तर तुम्ही हीलर राहा. सातपूरहून ही भूमिका घेणे मला चौघांवर अन्याय वाटतो.