वडिलांनी श्रवणयंत्र पंधरा दिवसांत काढून ठेवले: ठाणे-नवी मुंबईत कोणाकडे जावे आणि घरी काय करावे?

नौपाडाकर

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. गेली सहा-सात वर्षे त्यांना कमी ऐकू येते, पण ते स्वतः मात्र "ऐकू येतं, शब्द कळत नाहीत" असेच सांगत आले आहेत. समोर बसून एकट्याने बोलले तर फारशी अडचण येत नाही. चार माणसे एकदम बोलू लागली किंवा टीव्ही चालू असला की ते गप्प होतात. गडकरी रंगायतनला नाटक पाहणे हा त्यांचा आयुष्यभराचा आनंद होता, तोही त्यांनी सोडला. मागच्या महिन्यात एका दुकानात तपासणी करून दोन्ही कानांसाठी यंत्रे घेतली आणि पंधरा दिवसांत ती डबीत गेली. भांड्यांचा आवाज कानात खुपतो, वर्तमानपत्राचे पान उलटले तरी कर्कश वाटते आणि बोलणे मात्र पूर्वीइतकेच अस्पष्ट, अशी त्यांची तक्रार आहे. अलीकडे ते नावेही विसरतात, त्यामुळे काळजी वाढली आहे. यंत्र बदलावे का? कोणाला दाखवावे?

वाशीतील श्रवणतज्ज्ञ

यंत्र बदलण्याची घाई कृपया करू नका. वडील जे वाक्य सांगतात ते वयानुसार येणाऱ्या श्रवणदोषाचे अगदी नेमके वर्णन आहे. आपल्या आतल्या कानात शंखासारखा वेटोळे घेतलेला एक भाग असतो आणि त्यात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी त्याच्या तोंडाशी असतात आणि साधारणतः त्याच आधी झिजतात. एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते ऐकू येत राहतात, पण स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग वरच्या पट्टीत असल्याने तो गळून पडतो. मग 'सात', 'हात' आणि 'खात' हे तिन्ही शब्द सारखेच भासतात आणि त्यांतला कोणता ते मेंदूला संदर्भावरून ठरवावे लागते.

आता जी गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही ती सांगते. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू स्वस्थ बसत नाही. तो उरलेल्या संदेशांचा जोर स्वतःच वाढवतो. कानात सतत गुणगुण होणे आणि मोठा आवाज एकदम असह्य वाटणे यांचा संबंध या वाढीशी जोडला जातो. दुसरे म्हणजे, श्रवणासाठी राखलेला मेंदूचा भाग दृष्टीच्या कामाला जुंपला जाऊ लागतो. कोलोरॅडो विद्यापीठातील अनू शर्मा यांनी हा बदल अगदी सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांतही दाखवून दिला आहे. तिसरे म्हणजे, शब्द ओळखण्यासाठी मेंदूचा पुढचा भाग, जो एरवी विचार आणि स्मरण यांसाठी वापरला जातो, तो मदतीला धावतो. संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांसमोर वडील थकलेले दिसत असतील तर त्याचे मोठे कारण हे आहे. नाव ऐकतानाच सगळी शक्ती खर्च झाली, तर ते साठवायला काही उरत नाही.

अशा जुळवून घेतलेल्या मेंदूला यंत्र लावल्याबरोबर फ्रिजची घरघर, पानांची सळसळ आणि नळाचे पाणी हे सगळे एकदम परत मिळते. यांतले कशाकडे लक्ष द्यायचे आणि काय मागे टाकायचे, ही निवड तो बऱ्याच वर्षांत करत नव्हता. ती पुन्हा जमायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. शर्मा यांच्याच २०२० मधील अभ्यासात नीट बसवलेली यंत्रे सहा महिने वापरल्यानंतर दृष्टीकडे गेलेला भाग पुन्हा श्रवणाकडे वळल्याचे दिसले. पंधरा दिवस हा निकाल लावण्याचा काळच नव्हे.

मात्र 'नीट बसवलेली' हे महत्त्वाचे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ आणि पडदा तपासून घ्या. नंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे जा आणि तीन गोष्टी विचारा: शब्द ओळखण्याची चाचणी करता का, कानाच्या नळीत बारीक नळी ठेवून यंत्राचा आवाज प्रत्यक्ष मोजता का, आणि सुरुवातीला आवाज कमी ठेवून टप्प्याटप्प्याने वाढवता का. यांतल्या एखाद्याही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर दुसरीकडे जावे असे माझे स्पष्ट मत आहे.

नेरुळच्या निवृत्त शिक्षिका

मी ७१ वर्षांची आहे आणि चार वर्षांपासून दोन्ही कानांना यंत्रे लावते. पहिला आठवडा मलाही नकोसा झाला होता; स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येत असे. माझ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी जो क्रम दिला तो इथे देते, कारण मला त्याचाच उपयोग झाला. सुरुवातीचे दिवस फक्त घरी, शांत खोलीत, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास. त्या वेळात मी स्वतः मोठ्याने वाचत असे आणि नंतर नातू धड्यातला उतारा वाचून दाखवी, तेव्हा मी तोच उतारा डोळ्यांपुढे धरी. डोळ्यांना दिसलेला शब्द आणि कानाला आलेला शब्द यांची गाठ अशी रोज घातली की काही दिवसांनी पुस्तक मिटूनही समजू लागते. मग सोसायटीच्या आवारात फेरी, मग भाजी बाजार, आणि ठाण्याची लोकल सर्वांत शेवटी. त्रास झाला तर थोडा वेळ काढावे, पण सबंध दिवस डबीत ठेवू नये. एक-दोन दिवसांचा खंड पडला की मला पहिल्यापासून सुरुवात केल्यासारखे वाटे.

घरच्यांना एक विनंती. स्वयंपाकघरातून ओरडून हाक मारू नका. जवळ येऊन, चेहरा उजेडात ठेवून, थोडे सावकाश बोला. आणि "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य त्यांच्याशी कधीही बोलू नका. ते फार लागते.

घोडबंदर रोड

खर्चाचा प्रश्न असल्यास वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग संस्थेत तपासणी करून घ्यावी. ती १९८३ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. कमी उत्पन्न असलेल्यांना एडिप, म्हणजे दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून तेथे यंत्र मिळू शकते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. चांगल्या यंत्राला ते पुरणार नाहीत, पण बॅटऱ्या आणि दुरुस्तीला हातभार लागतो.

कोपरीचा वाचक

यंत्र वापरले नाही तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो असे सर्वत्र वाचायला मिळते. नावे विसरणे ही त्याचीच सुरुवात असेल, तर वेळ न घालवता न्यूरॉलॉजिस्टकडे जायला हवे ना?

वाशीतील श्रवणतज्ज्ञ

या विधानाने घरोघरी भीती पसरली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. जॉन्स हॉपकिन्स येथील फ्रँक लिन यांनी २०११ मध्ये ६३९ व्यक्तींच्या दीर्घकालीन निरीक्षणातून दाखवले की सौम्य श्रवणदोषात डिमेन्शियाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम दोषात तिप्पट आणि तीव्र दोषात पाचपट होता. हा संबंध खरा आहे, पण संबंध म्हणजे कारण नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षे पाहिले, तेव्हा संपूर्ण गटात यंत्रांमुळे बौद्धिक घसरणीत फरक पडला नाही. ज्यांचा धोका आधीपासून जास्त होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. म्हणून मी कोणालाही "यंत्र लावा, डिमेन्शिया टळेल" असे आश्वासन देत नाही. ऐकू येण्यासाठी आणि माणसांत राहण्यासाठी यंत्र लावायचे, आणि तेवढे कारण मला पुरेसे वाटते.

विस्मरण वाढत असेल तर न्यूरॉलॉजिस्टना अवश्य दाखवा. फक्त स्मरणशक्तीची चाचणी यंत्रे लावूनच होऊ द्या, कारण नीट न ऐकलेला प्रश्न विसरलेला म्हणून मोजला जातो.

नौपाडाकर

सात आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. डाव्या कानात खरोखरच मळ साचला होता. नवीन ऑडिओलॉजिस्टनी प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा वरच्या पट्टीतला आवाज गरजेपेक्षा बराच कमी आणि खालच्या पट्टीतला जास्त निघाला. यंत्रात साठलेल्या नोंदीनुसार वडील आता दिवसाला सरासरी सात तास ती वापरतात. रोज संध्याकाळी माझी मुलगी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. भांड्यांची तक्रार थांबली आहे. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र अजून काही कळत नाही. काल त्यांनी स्वतःहून नाटकाचा विषय काढला. नेऊ का? आणि कुठे बसवू?

नेरुळच्या निवृत्त शिक्षिका

जरूर न्या. मधल्या भागातली, पहिल्या पाच-सहा रांगांतली जागा घ्या, म्हणजे नटांचे चेहरे दिसतील. ध्वनिक्षेपकाजवळची कडेची खुर्ची टाळा. आणि संहिता छापलेली असेल असेच नाटक पहिल्यांदा निवडा. मी आधी दोनदा वाचून जाते. पुढचे वाक्य साधारण काय असेल हे ठाऊक असले की अर्धवट आलेला शब्दही पूर्ण ऐकू येतो, आणि हे अंदाज बांधण्याचे काम आम्हा वयस्कांना तरुणांपेक्षा कमी जमत नाही.